दुपारची नीरा

मला बियर आवडते, हे मी सत्तरी उलटल्यावर उघड बोलायला लागले. आधी बोलले असते तर मुलांच्या सोयरिकी अडल्या असत्या. आता नातवंडं मला हॉटेलात नेतात, पुढ्यात थंडगार ग्लास ठेवतात आणि "आजी, कशी आहे?" म्हणून विचारतात. मी घोट घेते आणि खरं ते सांगते: बरी आहे, पण आमच्या गिरगावच्या बियरची सर नाही. गिरगावात बियरचा कारखाना कुठे होता, असं मग ती एकमेकांना विचारत बसतात. कारखाना होता. आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या बाजूला, एका लहानशा मडक्यात होता. आणि तो चालवत होत्या माझ्या सासूबाई, ज्या चातुर्मासात घरात कांदासुद्धा येऊ देत नसत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचे हे एका पेढीवर कारकून होते आणि संध्याकाळी सभांना जात. घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा कायम बसलेला असे. दिल्लीला ठणकावून सांगणारा हा माणूस घराचा उंबरा ओलांडून आत आला की "आई म्हणेल तसं" यापलीकडे एक अक्षर बोलत नसे. घसा बसला म्हणून बोलत नसतील, असं मी पहिले दोन महिने समजत होते.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, दारूबंदीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. दारूबंदी त्या वेळी फार कडक होती. कडक म्हणजे, ज्याला प्यायची होती त्याला मिळत होती आणि ज्याला नको होती तो तिच्यावर भाषणं देत होता. मामंजी दुसऱ्या प्रकारातले. दर रविवारी डोक्यावर टोपी चढवून ते लालबाग-परळच्या चाळींत दारूचे दुष्परिणाम सांगायला जात. गिरणीतली माणसं ते मुकाट्यानं ऐकून घेत, त्यांना चहा पाजत आणि बसस्टॉपपर्यंत पोचवून परत फिरत. पण मामंजींनी स्वतः दारू कधी पाहिलेली नव्हती, हुंगलेली तर नव्हतीच. त्यांची तिच्याशी ओळख सगळी कागदावरची.

आणि सासूबाई. सासूबाई म्हणजे सोवळं. सकाळी मामंजी आणि हे डबे घेऊन बाहेर पडले की त्या सोवळ्याचं लुगडं नेसून देवांपुढे बसत, ते दुपारपर्यंत. देव पुष्कळ होते आणि प्रत्येकाची आवड वेगळी होती. पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या तोंडात पाणीसुद्धा घालत नसत. मी काही विचारायला गेले तर नुसत्या हुंकारानं उत्तर देत, आणि तो हुंकार बहुतेक वेळा "नाही" असाच असे. मला त्यांची भीती वाटायची. नुसती भीतीच नाही, रागही यायचा.

त्या थंडीत सासूबाईंच्या अंगात कडकी भरली. हातापायांची आग, डोळ्यांची आग, आणि त्यामुळे तोंडालाही धार आलेली. चाळीतल्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, "रोज नीरा घ्या. ताजी, अनशापोटी."

नीरेचं केंद्र चौपाटीच्या वाटेवर होतं. ताडाची गोड नीरा पहाटेच तिथे येई आणि ऊन वर यायच्या आत संपे. नीरा म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. दारूला उतारा म्हणून सरकारनंच ती काढली होती, आणि तिच्यात काय काय सत्त्वं आहेत हे त्यांना पाठ होतं. ते रोज पहाटे फिरायला जात, केंद्रावर उभ्या उभ्या एक पेला घेत आणि सासूबाईंसाठी कडीच्या डब्यातून घेऊन येत.

इथपर्यंत सगळं वैद्यांच्या मनासारखं झालं. पण पुढे सोवळं आलं. पूजेआधी काही घ्यायचं नाही हा सासूबाईंचा नेम, आणि अनशापोटी घ्यायची ही वैद्यांची आज्ञा. दुसऱ्या कुणाला यात अडचण दिसली असती. सासूबाईंना दिसली नाही. पूजा होईपर्यंत आपलं पोट रिकामंच असतं, तेव्हा दुपारी घेतली तरी ती अनशापोटीच झाली, असा त्यांनी निर्णय दिला. नीरा त्या एका मडक्यात ओतून ठेवत. मडकं घासायचं नाही, नुसतं विसळायचं, कारण घासलं की मातीला राखेचा वास लागतो. आणि ठेवायचं शेगडीच्या बाजूच्या कोनाड्यात, कारण तेवढीच एक जागा विटाळाच्या हाताबाहेर होती. दुपारी पूजा आटोपली की पेलाभर नीरा आधी देवाला दाखवायची आणि मग आपण घ्यायची.

पहिल्याच आठवड्यात कडकी गेली. हातापायांची गेली, डोळ्यांची गेली आणि तोंडाचीसुद्धा गेली. जेवण वाढता वाढता सासूबाई एक दिवस चक्क ओव्या गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून माझे केस विंचरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मामंजींची रविवारच्या भाषणाची नक्कल करून दाखवली, टोपीसकट. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला होता. संध्याकाळी मामंजी आले तेव्हा मात्र त्या नेहमीसारख्या ताठ बसून वाती वळत होत्या.

"नीरा मानवली हो हिला," मामंजी वैद्यांना सांगत सुटले. "माझं केव्हापासूनचं म्हणणं आहे, घरोघर नीरा गेली पाहिजे."

काय झालंय ते मला चौथ्या दिवशी कळलं. मडकं विसळायला घेतलं आणि वास आला. हा वास माझ्या ओळखीचा होता, कारण माझं माहेर लालबागचं. आमच्या चाळीमागे ताडीचं दुकान होतं. दारूबंदी आल्यावर त्यावर शहाळ्यांची पाटी लागली, आत चार शहाळी टांगली गेली आणि धंदा पूर्वीसारखा चालू राहिला. नीरा सकाळी उतरवली आणि उबेला ठेवली की दुपारपर्यंत ती आंबते, फसफसते, आणि तिची ताडी होते, हे लालबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गिरगावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. दारूबंदीच्या कचेरीतला हेडक्लार्क स्वतःच्या हातानं, रोज पहाटे, स्वतःच्या घरात ताडीचा पुरवठा करत होता. त्याची बायको ती आधी देवाला पाजत होती आणि मग आपण पीत होती.

मी हे कुणाला सांगितलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी नोकरी.

मी मॅट्रिक होऊन शिक्षिकेचा कोर्स केला होता. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी नोकरीचं विचारलं, तेव्हा सासरकडून "पुढे बघू" असं उत्तर आलं होतं. ते पुढे येतच नव्हतं. आणि आता पलीकडच्या वाडीतल्या मुलींच्या शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या, परत येतील असं चिन्ह नव्हतं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. सकाळची शाळा, तिसरीचा वर्ग, येत्या सोमवारपासून. शनिवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. मला ती नोकरी फार हवी होती. चाळीच्या दोन खोल्यांत दिवसभर दुसऱ्याच्या देवांची भांडी घासून माझा जीव विटला होता.

ह्यांना विचारलं. त्यांनी बसलेल्या घशानं सांगितलं, "आई म्हणेल तसं."

सासूबाईंना सकाळी विचारलं. हुंकार आला. नेहमीचाच.

मग मी दुपारी विचारलं. नीरेचा पेला रिकामा झाल्यावर, जेवणाआधी. सासूबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या, जे त्या एरवी कधीही करत नसत.

"जा की," त्या म्हणाल्या. "शिकलीस कशाला मग? माझ्या वेळेला कुणी विचारलं असतं तर मी धावत गेले असते. मला सगळे पाढे येत होते, साडेतीनाचे, औटकीचेसुद्धा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. तेव्हा त्यांनी मडक्यातली उरलेली नीरा दुसऱ्या पेल्यात ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. "घे. तुझ्या पण अंगात कडकी आहे, दिसते मला."

ही माझी पहिली बियर. आंबटगोड, जिभेला किंचित झिणझिण्या आणणारी, वर बारीक फेस असलेली. पुढे मी गोव्याची प्याले, पुण्याची प्याले, नातवानं विमानतळावरून आणलेली परदेशी बाटलीही चाखली, पण पितळी पेल्यातल्या त्या घोटानं डोकं जसं हलकं झालं तसं पुन्हा झालं नाही. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. खाली वाडीत केळेवाला ओरडत होता. त्याच्या ओरडण्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते आज सांगता येणार नाही, पण आम्ही पोट धरून हसलो.

संध्याकाळी मामंजींच्या देखत मी हळूच विषय काढला. "आई म्हणाल्या, शाळेत जायला हरकत नाही."

सासूबाईंनी वातीवरची नजर वर केली नाही. "मी?" त्या म्हणाल्या. "दुपारी बाई माणूस घरात काहीही बोलतं. ते काय चारचौघांत धरायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी हुंकार, दुपारी "जा की", संध्याकाळी वाती. माझा इतका संताप झाला की रात्रीची भाकरी मी थापली ती परातीचा आवाज शेजारच्या खोलीत जाईल अशी. माझी अडचण सरळ होती. दुपारच्या सासूबाई आणि मामंजी यांची गाठ पडायला हवी होती, आणि मामंजी दुपारी कधीच घरी नसत. रोज कचेरी, रविवारी भाषण. शनिवार तर परवावर आलेला.

आणि शुक्रवारी हरताळ पुकारला गेला.

हरताळ म्हणजे कडकडीत. गिरण्या बंद, ट्राम बंद, दुकानं बंद. त्या दिवसांत अशा हरताळाला भीतीही चिकटलेली असे. कुठल्या नाक्यावर काय होईल सांगता येत नसे, आणि बाहेर गेलेला माणूस परत येईपर्यंत गॅलरीत बायका उभ्या असत. हे सकाळीच चाळीतल्या पोरांबरोबर गेले होते, म्हणून माझाही जीव अर्धा गॅलरीत होता. पण उरलेला अर्धा, खोटं कशाला बोलू, मडक्यात होता. कारण मामंजी घरी होते. नीरेचं केंद्र पहाटे हरताळाच्या आधी उघडून बंद झालं होतं आणि डबा नेहमीसारखा आला होता. त्या दिवशी दुपारी ती दोघं एका खोलीत येणार होती. मी आयुष्यात इतक्या भक्तिभावानं कुणाच्या पूजेची वाट पाहिली नव्हती.

पूजा झाली. नैवेद्य झाला. सासूबाईंनी पेला घेतला. मामंजी म्हणाले, "मलाही दे थोडी. आज केंद्रावर घाईत घोटभरच मिळाली."

त्यांनी पेला तोंडाला लावला, थांबले, पुन्हा लावला. "आज फारच सत्त्व उतरलंय," ते म्हणाले, आणि पेला पुढे केला. दुसरा पेला झाल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग सदऱ्याची वरची गुंडी सोडली. माझी वेळ आली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारावर थाप पडली.

दारात इन्स्पेक्टर उभे होते. मामंजींच्याच कचेरीतले, पण खुर्चीतले नव्हेत, धाडीवरचे. शिवडीच्या खाडीत चिखलात उतरून हातभट्ट्या फोडणारा माणूस. भिंतीला नाक लावून आतलं पिंप सांगतो, अशी त्यांची ख्याती होती. राहायला दोन वाड्या सोडून. हरताळामुळे कंटाळले होते, म्हणून बुद्धिबळाचा डाव टाकायला आले होते.

मामंजींची नोकरी, चाळीतली अब्रू, माझी शाळा, सगळं त्या माणसाच्या नाकाशी येऊन उभं होतं. मी म्हटलं, "चहा टाकते." म्हटलं, "ताक आहे, ताजं." म्हटलं, "सरबत करते, कोकम आहे."

"ताक काय देतेस?" मामंजी खूश होऊन म्हणाले. "नीरा दे त्यांना. ही नीरा घेऊन बघाच तुम्ही. मी आजच टिपण लिहिणार आहे हिच्यावर."

सासूबाईंनी पेला भरला. इन्स्पेक्टरांनी तो हातात घेतला आणि ओठाला लावायच्या आधीच थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, कोनाड्यातल्या मडक्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे पाहिलं. मामंजी बुद्धिबळाचा पट मांडत होते आणि नीरेमुळे राष्ट्राची मनगटं कशी बळकट होतात ते पटावरच्या उंटाला समजावून सांगत होते.

"वहिनी," इन्स्पेक्टर सावकाश म्हणाले, "ही नीरा केव्हाची?"

"सकाळची," सासूबाई म्हणाल्या. "देवाला दाखवलेली आहे, भावोजी."

आता पंचाईत झाली. प्रसाद झाला होता तो. प्रसाद खाली ठेवता येत नाही, ओतून देता येत नाही, आणि प्रसादाचा पंचनामा तर मुळीच करता येत नाही. देवही साक्षीदार होते आणि एका अर्थी तेही त्यात सामील होते. इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले, पेला कपाळाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग मिशा पुसून म्हणाले, "गोड आहे."

"अजून थोडी देऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रसादाला नाही कसं म्हणणार," असं म्हणून त्यांनी पेला पुढे धरला.

डाव सुरू झाला. तो कसा चालला होता ते सांगत नाही, एवढंच सांगते की मामंजींनी स्वतःचा वजीर स्वतःच मारला आणि इन्स्पेक्टरांनी त्यांना शाबासकी दिली. त्यात सासूबाई पदर सावरून पुढे आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, मामंजींकडेही नाही. सरळ इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "भावोजी, एक सांगायचं राहिलं. आमची सून सोमवारपासून शाळेत शिकवायला जाणार. ह्यांचाच आग्रह हो. म्हणाले, शिकलेली मुलगी घरात बसवून ठेवायची नाही."

"वा," इन्स्पेक्टर म्हणाले. "असे विचार पाहिजेत."

मामंजींनी पटावरून मान वर केली. आपण हे केव्हा म्हणालो ते त्यांना आठवेना, पण त्या घटकेला ते आपले विचार म्हणून त्यांना फार आवडले. "मी पहिल्यापासून हेच म्हणतोय," ते म्हणाले.

झालं. कचेरीतल्या माणसासमोर गेलेला शब्द होता. संध्याकाळी टोपी पुन्हा डोक्यावर चढली, तोंडावर आठीही आली, पण शब्द मागे घेता येईना. हे सुखरूप परत आले, घसा पार गेलेला. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं आणि खुणेनंच विचारलं, खरं? सासूबाईंनी वाती वळत हुंकार दिला. या वेळी तो "हो" असा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीपुढे रडले, आनंदानं.

त्या दिवशी सासूबाईंकडून ते सहज झालं, डोकं हलकं होतं म्हणून झालं, असंच मी धरून चालले होते. मी त्यांना भोळ्या समजत होते.

सोमवारी मी शाळेत गेले. तिसरीच्या मुलींनी मला दमवून काढलं. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी थांबवून घेतलं, त्यामुळे घरी यायला बराच उशीर झाला. जिन्यातच पूजेची घंटा ऐकू आली. मला चुटपुट लागली, एवढा उशीर, आणि यांची पूजा अजून चाललेली. शेजारची बाई म्हणालीच, "आज तुमच्याकडे देवांची चंगळ आहे, केव्हाची घंटा वाजतेय."

मी दार लोटलं. देव केव्हाच पुजून झाले होते. फुलं वाहिलेली, निरांजन शांत झालेलं, नैवेद्याची वाटी उचललेली. सासूबाई सोवळं सोडून साध्या लुगड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून. एका हातात वर्तमानपत्र होतं. दुसऱ्या हातात घंटा होती, आणि चाळीला ऐकू जाईल इतपत ती त्या अधूनमधून हलवत होत्या. पुढ्यात दोन पेले भरून ठेवलेले होते. दोन्हींना हात लागला नव्हता.

त्यांनी घंटा खाली ठेवली.

"शाळा सुटली की सरळ घरी येत जा," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी ताड-माड होते, मला कळतं. एवढा उशीर केलास की ती फार चढते."